कामगार सहाय्य योजना: युनियन आणि मॅनेजमेंटची एकत्र समिती कशी चालवायची

दारू, सावकाराचं कर्ज, घरातली भांडणं, उडालेली झोप यांसाठी कंपनीच्या खर्चाने समुपदेशक नेमायचा, अशी ही योजना. नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या एखाद्या कारखान्यात एकट्या एचआरने ती सुरू केली, तर कॅन्टीनमध्ये पहिल्याच दिवशी निकाल लागतो: "नावं वर जाणार." एकट्या युनियनने चालवली तर सुपरवायझर तिकडे माणूस पाठवत नाही. म्हणून समिती दोघांची. पैसे आणि नियम तिच्या हातात. नावं मात्र तिच्याही हातात नाहीत.

पाच-सहाशे कामगारांना आठ सभासद पुरतात, चार-चार. अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी आलटूनपालटून, अध्यक्षाला जादा मत नाही. दोन्ही बाजूंचे किमान दोघे हजर नसतील तर बैठक होत नाही. चार्जशीटवर (शिस्तभंगाच्या आरोपपत्रावर) सही करणारा अधिकारी आणि चौकशीत कामगाराची बाजू मांडणारा युनियनचा माणूस, दोघांनाही बाहेर ठेवा. हा विषय वर्क्स कमिटीच्या (कारखान्यातल्या रोजच्या प्रश्नांसाठी असलेल्या मालक-कामगार समितीच्या) गळ्यात घालण्याचा मोह होतो, पण तिथे तो कॅन्टीनच्या उसळीखाली दबतो. पहिलं वर्ष महिन्याला एक बैठक, नंतर तिमाहीला.

करार लेखी हवा आणि वेतनकरारापासून वेगळा. नाहीतर पगारवाढीची बोलणी फिसकटली की समुपदेशनही थांबतं. त्यात हे स्पष्ट लिहा: समुपदेशकाकडे गेल्यामुळे चार्जशीट निघणार नाही आणि निघालेली थांबणारही नाही. दुसरं वाक्य युनियनला खटकतं, पण ते नसेल तर योजना शिक्षा टाळण्याची पळवाट ठरते. सुपरवायझरने फक्त कामातलं दिसेल ते बोलावं: गैरहजेरी, चुका, वागणं. "तू पितोस" हे निदान त्याचं काम नाही. क्रेन किंवा बॉयलरवरच्या माणसाला बाजूला करायचं तर तेही डोळ्यांनी पाहिलेल्या वागण्यावरून, समुपदेशकाला विचारून नव्हे. गुप्ततेला अपवाद एकच: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका. तेव्हा समुपदेशक कोणाला कळवेल, हे आधीच ठरवा.

नावं फुटतात ती बहुधा कागदातून. समुपदेशक पुरवणाऱ्या संस्थेच्या बिलात कामगाराचा टोकन नंबर असतो आणि ते बिल अकाउंट्समध्ये सहा हातांतून जातं. बिल फक्त सत्रांच्या संख्येवर घ्या. शिफ्टमध्ये बाहेर सोडायचं तर गेटपासवर "समुपदेशन" नको, "वैयक्तिक काम" लिहा. सगळ्यात फसवा असतो तिमाही अहवाल. पाचपेक्षा कमी केसेस असलेल्या विभागाचा आकडा दाखवायचा नाही, हे बहुतेकांना सुचतं. पण बाकीचे विभाग आणि एकूण बेरीज दिली, की साध्या वजाबाकीने तो निघतो. अशा वेळी दोन विभाग एकत्र करा, किंवा विभागवार तक्ताच काढून टाका. समितीला एकूण केसेस, पहिल्या भेटीसाठी लागलेले दिवस आणि सत्रं अर्धवट सोडलेल्यांची संख्या एवढं पुरतं.

भेटीची खोली एचआरच्या केबिनशेजारी नको. कोपरखैरणे किंवा वाशी स्टेशनजवळ, घरी जाण्याच्या वाटेवर असेल तर माणूस येतो. "ठाण्याला न्यायला पाहिजे याला" हा मनोरुग्णालयावरचा विनोद आपल्याकडे अजून चालतो, तेव्हा फलकावर मानसिक आजार हा शब्द टाळलेला बरा. रात्रपाळीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर पगारपत्रकाच्या मागे छापा. तिथे चोवीस तास मदत मिळते.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न पहिल्याच बैठकीत घ्या. नेमका तोच पुढे ढकलला जातो. त्यांची यादी ठेकेदाराकडे असते, म्हणून सत्रांचा खर्च मूळ कंपनीने थेट द्यावा आणि ठेकेदाराला मंजुरीच्या साखळीत कुठेही आणू नये. लैंगिक छळाची तक्रार या समितीकडे आली, तर ती न उघडता अशा तक्रारींसाठी कायद्याने नेमलेल्या अंतर्गत समितीकडे पाठवा.

नाव फुटलंच, तर सात दिवसांत दोन्ही बाजूंचा एकेक माणूस ते कुठून फुटलं ते शोधेल, आणि ज्याचं नाव फुटलं त्याला सगळ्यात आधी सांगेल, हे कलम करारात आधीच घाला.