नवे बेंचटॉप मिलिंग मशीन नीट चालत नाही? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

टेबलावर मावणारे मिलिंग मशीन पेटीतून निघते तेव्हा तयार दिसते. स्वस्त श्रेणीतल्या मशीनची जुळणी मात्र बरेचदा अर्धीच झालेली असते: गिब पट्ट्या (सरकत्या भागांतली फट भरणाऱ्या पट्ट्या) अंदाजे कसलेल्या, कॉलमचे (मागच्या उभ्या खांबाचे) बोल्ट नुसते आवळलेले, ग्रीसमध्ये कारखान्यातला कीस अडकलेला. त्यामुळे पहिल्या आठवड्यात तक्रारी येतातच. खरी अडचण पुढे होते. एकाच संध्याकाळी चार स्क्रू फिरवले जातात आणि मूळ दोष कोणता होता हे नंतर कळायला मार्ग उरत नाही. आधी मोजायचे, मग एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचे. त्यासाठी ०.०१ मिमीचे लीव्हर डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड, एक भरवशाचा गुण्या आणि साधा मल्टिमीटर एवढे पुरते.

पेटीतून काढून थेट चालवणे

गंज लागू नये म्हणून लावलेला चिकट थर म्हणजे वंगण नव्हे. रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनने तो पुसा आणि स्लाइडवे (ज्यांवर टेबल सरकते ते मार्ग), लीडस्क्रू (टेबल सरकवणारा लांब स्क्रू), स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या दांड्याचा) टेपर म्हणजे आतले निमुळते भोक कोरडे करा. पेट्रोल वापरू नका. बंद खोलीत त्याची वाफ आणि मोटरची ठिणगी जवळ असणे परवडत नाही. गिब पट्ट्या बाहेर काढून त्यांच्या मागचा भाग बघा. ओतकामाची वाळू, रंगाचे पापुद्रे, धारेवरचा बर (धातूची उरलेली टोकेरी कड) असा ऐवज तिथेच सापडतो. बर बारीक ऑइलस्टोनने काढा, स्लाइडवेवर पॉलिश पेपर घासू नका. मग स्लाइडवेला आयएसओ ६८ दर्जाचे स्लाइडवे तेल द्या.

मोटर फिरत नाही म्हणजे कंट्रोलर जळला, असे धरून चालणे

खोके उघडण्याआधी बाहेरून पाहण्यासारखे बरेच असते. इमर्जन्सी बटण दाबलेल्या अवस्थेत अडकले आहे का? ते फिरवल्यावरच सुटते. चकसमोरचे पारदर्शक झाकण पूर्ण बंद आहे का? त्याच्या बिजागरीत छोटा स्विच असतो आणि झाकण जरा वर असले तरी मोटर सुरू होत नाही. वेगाचा नॉब शून्यावर आहे का? डीसी मोटरच्या बऱ्याच मशीनवर नॉब शून्यापर्यंत, टिक आवाज येईपर्यंत मागे नेल्याशिवाय कंट्रोलर मोटरला वीज देतच नाही. वीज जाऊन आली असेल तर हिरवे बटण पुन्हा दाबावे लागते, कारण स्विचच तसा बनवलेला असतो. त्यानंतर फ्यूज, आणि ब्रश असलेली मोटर असेल तर कार्बन ब्रश होल्डरमध्ये मोकळे सरकतात का ते पाहा. वाहतुकीत ब्रशची टोपी सैल होऊ शकते.

मोटर सुरू होते पण कट घेताच थांबते, असे असेल तर एक्स्टेन्शन वायर आधी काढा. लांब आणि बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडते आणि कंट्रोलर त्याला ओव्हरलोड समजतो. मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, लोड असताना मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा आणि नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. अर्थिंग आहे की नाही हेही त्याच वेळी तपासावे. मशीनच्या उघड्या धातूपासून प्लगच्या अर्थ पिनपर्यंत रोध जवळपास शून्य हवा. अर्थात हे मोजमाप प्लग काढून.

कंट्रोलरचे खोके उघडायचेच असेल तर प्लग काढून किमान १० मिनिटे थांबा. मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक व्होल्टेज टिकते. मल्टिमीटरने ते उतरल्याची खात्री झाल्याशिवाय आत बोट नको. या कामाचा सराव नसेल तर इथेच थांबून विक्रेत्याला कळवणे बरे.

आवाज आला की बेअरिंगला दोष देणे

पट्टा काढा, किंवा गिअरचा दांडा न्यूट्रलला ठेवा आणि नुसती मोटर चालवा. आवाज कायम राहिला तर मोटर किंवा तिचा पंखा. गेला तर गिअर, पट्टा किंवा स्पिंडल. मग स्पिंडल हाताने सावकाश फिरवा: दाणेदार घरघर जाणवली तर बेअरिंगमध्ये कचरा, ठरावीक जागी अडकले तर गिअरचा दाता. लहान मशीनच्या हेडमध्ये (स्पिंडल धरणाऱ्या वरच्या भागात) प्लॅस्टिकचे गिअर असणे सर्रास आहे. ते मुद्दाम कमकुवत असतात, कटर अडकला तर आधी गिअर जावा म्हणून. पण स्पिंडल फिरत असताना हाय-लो दांडा बदलला तर दाते विनाकारण जातात. दांडा बसत नसेल तर स्पिंडल हाताने किंचित हलवा, जोर लावू नका.

नवे स्पिंडल बसवून घ्यावे लागते. सर्वांत कमी वेगावर १० मिनिटे, मधल्यावर १०, जास्तीत जास्त वेगावर १०, आणि प्रत्येक टप्प्याला स्पिंडलच्या तोंडाजवळ हात लावून बघायचे. कोमट असणे ठीक. काही सेकंदही हात टेकवता येत नसेल तर प्रीलोडचा (बेअरिंगवर दाब ठेवणारा) नट जास्त कसलेला आहे.

टेबल जड फिरते म्हणून सगळ्या गिब सैल करणे

इथे घाई सर्वांत महाग पडते, कारण जडपणाची जागाच दोष सांगत असते. हँडव्हील पूर्ण लांबीवर फिरवा आणि कुठे जड लागते ते खडूने टेबलावर लिहा.

प्रत्येक फेऱ्यात एकदा, त्याच कोनाला जड लागले तर लीडस्क्रू वाकलेला आहे किंवा टोकाच्या ब्रॅकेटमधला बेअरिंग तिरका बसला आहे. फक्त एका टोकाला, नट ब्रॅकेटजवळ येताना जड होत असेल तर नट आणि ब्रॅकेट एका रेषेत नाहीत. उपाय सोपा आहे: ब्रॅकेटचे बोल्ट सैल करा, टेबल त्या टोकापर्यंत आणा म्हणजे स्क्रू स्वतःची जागा घेईल, आणि तिथेच बोल्ट आवळा. सगळीकडे सारखेच जड असेल तरच गिबकडे वळायचे.

सरळ गिबला ओळीने सेट स्क्रू आणि लॉक नट असतात. सगळे स्क्रू सैल करून मधल्यापासून सुरुवात करा. स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्या, टेबल घट्ट झाले की थोडा मागे, मग ॲलन की स्क्रूमध्ये धरून ठेवून लॉक नट आवळा. की न धरता नट फिरवला की स्क्रूही सोबत फिरतो आणि सगळे समायोजन वाया जाते. टेपर (निमुळती) गिब टोकाच्या मोठ्या स्क्रूने सरकते, तिथे पाव फेरा म्हणजेही बरेच. झाल्यावर डायल गेज टेबलाच्या कोपऱ्याला लावा आणि कोपरा हाताने पुढे-मागे ढकला. ०.०२ ते ०.०३ मिमी हालचाल या आकाराच्या मशीनला चालते. ०.१० मिमी दिसली तर गिब अजून सैल आहे.

बॅकलॅशला बिघाड समजणे

हँडव्हील उलटे फिरवले आणि टेबल हलायला ०.१० ते ०.२० मिमी लागले, हा बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली मोकळी फट) नव्या स्वस्त मशीनवर नेहमीचाच. चीर पाडलेल्या (स्प्लिट) नटाचा समायोजन स्क्रू असेल तर ते ०.०५ च्या आसपास आणता येते. शून्यावर आणायच्या नादात मध्यभागी बरोबर आणि टोकांना जाम असा स्क्रू हाती येतो. मोजणी नेहमी एकाच बाजूने करा: पुढे गेलात तर अर्धा फेरा मागे येऊन पुन्हा त्या आकड्यावर या.

मात्र क्लाइंब मिलिंग जपून. त्यात कटर जॉबला (कापायच्या तुकड्याला) फीडच्याच, म्हणजे टेबल सरकवण्याच्याच, दिशेने ओढतो. बॅकलॅश असेल तेवढे टेबल झटक्यात पुढे जाते आणि छोटा एंडमिल (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) तुटतो. कन्व्हेन्शनल दिशेत कटर जॉबला मागे ढकलतो, त्यामुळे फट बंद राहते. झेड अक्षालाही हाच प्रश्न असतो. पिळदार दात्यांचा एंडमिल स्वतःला खाली ओढतो आणि हेडचे लॉक सैल असेल तर कट आपोआप खोल होत जातो. खोली लावली की हेड लॉक करा. ज्या अक्षावर हालचाल नको तोही.

कॉलम न तपासता हेड सरळ करणे

ट्रॅमिंगबद्दल (स्पिंडल टेबलाला काटकोनात आणण्याबद्दल) सगळे बोलतात, क्रमाबद्दल कोणी नाही. आधी बैठक: मशीन बाकावर ठेवून चारही बोल्ट हाताने बसवा आणि एकेक आवळताना टेबलावरचे डायल गेज बघा. काटा हलला तर त्या पायाखाली फट आहे. शिम (पातळ पत्रा) भरा, नाहीतर बोल्ट बेसला पीळ देतो आणि पुढचे सगळे मोजमाप फसवे येते.

मग कॉलम. गुण्या टेबलावर ठेवा, डायल गेज स्पिंडलला अडकवा, स्पिंडल न फिरवता हेड १०० मिमी वर-खाली न्या. दर वाचनाला हेड लॉक करा, कारण लॉक आवळताना काटा सरकतोच. हे पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे, दोन्ही दिशांनी.

त्यानंतर स्पिंडल. गेज स्पिंडलमध्ये धरून २०० मिमी व्यासाचे वर्तुळ हाताने फिरवा. टी-स्लॉट मध्ये येतात, म्हणून मोठ्या बेअरिंगची बाहेरची रिंग टेबलावर ठेवून तिच्यावर काटा फिरवणे सोयीचे, मग वर्तुळ त्या रिंगएवढे. पुढच्या बाजूला काटा जास्त दाबला जात असेल तर स्पिंडलचे वरचे टोक पुढे झुकले आहे. कॉलमही तितकाच पुढे कललेला आढळला तर शिम त्याच्या पुढच्या बोल्टांखाली जाते. जाडीचा हिशेब: फरक गुणिले बोल्टांमधले अंतर, भागिले वर्तुळाचा व्यास. फरक ०.१० मिमी, पुढच्या-मागच्या बोल्टांत १२० मिमी, व्यास २०० मिमी असेल तर शिम ०.०६ मिमी. कॉलम गुण्यात असून फक्त स्पिंडल झुकले असेल तर शिम हेड आणि त्याच्या सरकत्या तळाच्या मध्ये. इथे कॉलम हलवलात तर पृष्ठभाग सपाट येईल, पण ड्रिल बदलताना हेड वर-खाली केले की भोक जागा सोडेल.

डाव्या-उजव्या कलासाठी अंशांची पट्टी दिलेली असते, तिच्यावर विसंबू नका. २०० मिमीवर ०.१ अंश म्हणजे ०.३५ मिमी, पट्टीवरची रेघच तेवढी जाड असते.

कटर आउट (मध्य सोडून) फिरतो, म्हणून स्पिंडल खराब

गेजचे टोक थेट स्पिंडलच्या टेपरमध्ये लावून हाताने फिरवा. ०.०१ मिमी किंवा कमी आले तर स्पिंडल निर्दोष आहे, पुढे कॉलेट (कटर पकडणारी चिरा असलेली नळी) बघायचा. कॉलेटमध्ये ग्राइंड केलेली पिन धरा, सर्वांत उंच जागेवर खूण करा, कॉलेट सैल करून फक्त पिन अर्धा फेरा फिरवा. उंच जागा पिनबरोबर गेली तर पिन वाकडी, तिथेच राहिली तर कॉलेट.

आर८ (टेपरचा एक प्रकार) कॉलेट आत जाताना अडकत असेल तर हातोडा नको. स्पिंडलमधली किल्लीची छोटी पिन जास्त पुढे आलेली किंवा वाकलेली असते. एमटी३ टेपर उलट घट्ट बसतो. ड्रॉबार (कॉलेट वर ओढून धरणारा लांब बोल्ट) एक-दोन आटे सैल करून वरून हलका ठोका दिला की सुटतो. ड्रॉबार पूर्ण काढून ठोकल्यास आटे मार खातात.

आणि ड्रिल चकमध्ये एंडमिल धरू नका. चकचा छोटा टेपर बाजूच्या जोराला बनवलेला नसतो. थरथरीने तो सुटून फिरता चक खाली येतो.

कट थरथरतो तेव्हा मशीन हलके आहे म्हणणे

आधी वेग. फेरे प्रति मिनिट म्हणजे १००० गुणिले कटिंग स्पीड, भागिले ३.१४ गुणिले व्यास. मऊ पोलादावर हायस्पीड स्टीलचा १० मिमी एंडमिल, स्पीड २५ मीटर प्रति मिनिट, म्हणजे साधारण ८०० फेरे. चार दाते, दर दात्याला ०.०३ मिमी, म्हणजे फीड ९६ मिमी प्रति मिनिट. फार हळू फीड दिला तर दाता कापण्याऐवजी घासतो आणि थरथर वाढते. कटर कॉलेटबाहेर गरजेपुरताच ठेवा, पोलादात खाच घेताना अर्धा मिमी खोलीपासून सुरुवात करा. व्हाइसचा न हलणारा जबडा गेजने सरळ केला आहे का आणि त्याच्या तळाखाली चिप नाही ना, हेही.

घरी दुरुस्त न होणारे

गेज हेडला घट्ट धरून टेबल पूर्ण लांबी सरकवा. गिब नीट असूनही ०.०५ मिमीपेक्षा बराच जास्त फरक एकाच दिशेने वाढत गेला, तर टेबलाचा पृष्ठभाग स्लाइडवेला समांतर ग्राइंड झालेला नाही. ओतकामात तडा, टेपरमध्येच ०.०३ मिमीहून जास्त आउट, वाकलेला लीडस्क्रू हेही याच यादीत. हेड खोलण्याआधी गेजचा काटा, त्याची जागा आणि अनुक्रमांकाची पट्टी एकाच व्हिडिओत दिसेल असे चित्रीकरण करून विक्रेत्याला पाठवा. लाकडी पेटी, वाहतुकीचे बोल्ट आणि पट्ट्या सगळ्या चाचण्या होईपर्यंत टाकू नका. बदली मिळायची झाली तर मशीन त्याच पेटीत परत जाणार असते.