इंग्लंडच्या पाणथळीत जंकस कसे ओळखावे

इंग्लंडच्या ओल्या कुरणांत आणि दलदलीत उभी असलेली हिरवी पाती लांबून एकसारखी दिसत असली, तरी तीत गवत, मोथा आणि जंकस (इंग्रजीत ‘रश’) अशी तीन निरनिराळी कुळे मिसळलेली असतात. ती ओळखायची असतील तर जून ते ऑगस्ट या काळात, फुले आणि बोंडे असताना, दहापट मोठे दाखवणारे भिंग बरोबर घेऊन जावे.

आधी दांडा बोटांत धरून फिरवावा. तो तीनधारी लागला तर वनस्पती बहुधा मोथ्याच्या कुळातली असते. गोल, पेरे असलेला आणि पेरांमध्ये पोकळ असेल तर ते गवत, जसा पूर्व इंग्लंडातील नॉरफक परगण्यात घरे शाकारण्यासाठी कापला जाणारा नळ. गोल, बिनपेरांचा आणि आत भेंड, म्हणजे मऊ गाभा, भरलेला दांडा जंकसचा असू शकतो. मात्र खुर्च्या विणण्यासाठी वापरला जाणारा, तीन मीटरपर्यंत वाढणारा स्कीनोप्लेक्टस गोल दांड्याचा असूनही मोथ्याच्याच कुळातला आहे. म्हणून अखेरचा निर्णय फुलावरच करावा. जंकसचे इवलेसे तपकिरी फूल भिंगाखाली धरले की सहा परिदले (पाकळ्यांसारखी दले) आणि मधोमध तीन कुक्षी (स्त्रीकेसराची परागकण झेलणारी टोके) स्पष्ट दिसतात आणि ते थेट लिलीच्या घडणीचे वाटते. पिकल्यावर त्याचे बोंड तीन भागांत उकलते व त्यातून बारीक बिया सांडतात. मोथ्याच्या फुलात मात्र एकच कठीण दाणा धरतो.

आता जाती. जंकस इफ्यूसस आम्लधर्मी जमिनीत सर्रास आढळतो. त्याचा दांडा गुळगुळीत, चकचकीत हिरवा असतो आणि उभा चिरल्यास पांढरे भेंड सलग दिसते. हेच भेंड चरबीत बुडवून पूर्वी गरिबांच्या घरी दिवे लावीत. जंकस इन्फ्लेक्ससचा दांडा निळसर करडा, ठळक कंगोऱ्यांचा असून भेंड तुटक, शिडीच्या पायऱ्यांसारखे असते. चुनखडीयुक्त किंवा जड चिकणमातीत तोच शोधावा. जंकस आर्टिक्युलेटसचे पान चिमटीतून ओढले की आतले आडवे पडदे बोटांना जाणवतात.

चिरून पाहण्यास एक दांडा पुरतो. संरक्षित क्षेत्रात तोही तोडू नये, आणि ब्रिटनमध्ये जमीनमालकाच्या परवानगीवाचून कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटणे 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे. केंब्रिजशरमधील विकन फेन या संरक्षित दलदलीसारख्या ठिकाणी क्लॅडियम या मोथ्याच्या कुळातील वनस्पतीच्या करवती पात्यांना तर हातच लावू नये, कारण त्यांनी कातडी कापते.

इफ्यूसस आणि इन्फ्लेक्सस शेजारी वाढत असतील तेथे दोघांचा संकरही सापडतो. कंगोरे मध्यम, भेंड जवळजवळ सलग आणि बोंडे बहुतांशी पोचट असतील, तर नोंद संकर म्हणूनच करावी.