टपटपतं पाणी टांगा, स्वर्गीय नर्तकही खाली येईल

दाणे टाकले की परसात कावळे-पारवेच जमतात. दयाळ, स्वर्गीय नर्तक हे किडे खाणारे पक्षी; ते उतरतात टपटपणाऱ्या पाण्यावर.

१. मातीच्या पसरट परळात दोन बोटं पाणी, मध्ये चिऱ्याचा खडबडीत तुकडा. गुळगुळीत मातीवर पाय घसरतात.

२. लिटरच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडा, ती परळावर उलटी टांगा. बुडालाही भोक हवंच, नाहीतर हवा आत शिरत नाही आणि थेंब अडतो. झाकणाच्या भोकात सुती दोरा ओवून वेग कमी करा; दोन सेकंदांना एक थेंब, म्हणजे पाणी दिवसभर पुरतं.

दुपारी उन्हं कलली की लांबून पाहा. नर्तक फांदीवरून सूर मारतो, पाण्याला छाती लावून परत वर!

झुडपापासून परळ दोन मीटर लांब ठेवा, मांजर दबा धरतं. पाणी रोज बदला, परळ काथ्याने घासा, साबण नको.