पालखी मुक्कामी हरवलेल्या ओळखपत्रांचं टेबल: यंदाची तयारी

आमच्या गावी माउलींची पालखी मुक्कामाला असते. मागच्या आषाढीला नगरपरिषदेतर्फे आम्ही हरवलेली ओळखपत्रं परत देण्याचं टेबल मांडलं. नियमावली मी लिहिली होती आणि तिच्यात एक गोष्ट राहिली. यंदा हे काम ज्यांच्याकडे येईल त्यांच्यासाठी लिहितोय, मग मुक्काम कुठलाही असो.

मांडव, फलक, पिण्याचं पाणी, पाळीची माणसं हे सगळे करतातच.

आधी हे ठरवा: ज्याचं एकमेव ओळखपत्र हरवलंय, त्याची ओळख पटवायची कशी? तोंडी नको. कागदावर, सही-शिक्क्यानिशी, टेबल मांडायच्या आधी. मी "ओळखीचा पुरावा पाहून कार्ड द्यावे" एवढंच लिहिलं होतं. संध्याकाळी एक आजोबा आले. त्यांचं आधार आमच्या पाकिटात होतं, फोटो त्यांचाच होता. कारकुनाने नियमाप्रमाणे पुरावा मागितला. "तेच तर हरवलंय की, साहेब," आजोबा म्हणाले. दिंडीतलं कुणी घेऊन या, असं सांगून त्यांना पाठवलं. पहाटे दिंडी पुढे गेली आणि कार्ड आमच्या कपाटात राहिलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, पण ओळखपत्र दाखवून. पंढरपुराहून घरी जाताना त्यांनी काय केलं असेल, हे अजून मनातून जात नाही. कारकुनाची चूक नव्हती. माझ्या कागदात दुसरी वाटच नव्हती.

तर ती वाट लिहा. कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळतो का बघा, पण फोटो दहा वर्षांपूर्वीचा असू शकतो हे धरून. गाव, तालुका, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव विचारा. जन्मतारीख विचारू नका. कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या कार्डावर १ जानेवारी छापलेलं असतं आणि ते त्यांना माहीतही नसतं. मग दिंडी क्रमांक विचारा, रथापुढची की रथामागची तेही. दिंडीप्रमुख, विणेकरी किंवा दोन वारकरी ओळखत असतील तर त्यांची सही किंवा अंगठा पुरेसा आहे. साक्षीदाराला बोलवायला आपला माणूस जाईल, म्हाताऱ्याला पायपीट करायला लावायची नाही. बोटांच्या ठशांचं यंत्र आणू, असं बैठकीत कुणीतरी म्हणेलच. शेतात राबून झिजलेले ठसे यंत्राला उमटत नाहीत, आणि आधारची तशी पडताळणी करायचा अधिकार अशा टेबलाला नसतो. तो विषय तिथेच थांबवा.

सापडलेली कार्डं कुठून येतात? बरीचशी सफाई कामगारांकडून. पाकीट मारलं की पैसे काढून बाकीचं गटारात किंवा स्नानाच्या जागी टाकतात. म्हणून मुकादमाला स्वतः जाऊन भेटा, परिपत्रकावर विसंबू नका. आणून देणाऱ्याला फक्त कुठे सापडलं ते विचारा. त्याच्याकडून अर्ज भरून घ्यायला लागलात तर पुढचा माणूस कार्ड आणणारच नाही.

नोंदवही देवनागरीत आणि गाववार ठेवा. पवार, जाधव, शिंदे शोधत बसलात तर रात्र जाईल. पॅनवर पत्ता नसतो, त्याची पानं वेगळी, नावाप्रमाणे. आधारचे शेवटचे चार आकडेच लिहा. कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकणं सक्त बंद. हेतू चांगला असला तरी पूर्ण आधार क्रमांक असा जाहीर करायला २०१६च्या आधार कायद्याची मनाई आहे. भोंग्यावरून नाव आणि गाव पुकारा, तेवढं बस्स.

पालखी थांबत नाही, हे दुसरं. लोणंदला कार्ड पडलं, हे माणसाला फलटणला कळतं, कधी थेट नातेपुत्यात. वाटेत पुणे, सातारा, सोलापूर असे तीन जिल्हे येतात. प्रत्येक जिल्ह्याची वही वेगळी राहिली तर वारकऱ्याने मागे यायचं का? रोज रात्री नोंदींची प्रत पुढच्या मुक्कामाच्या अधिकाऱ्याच्या हाती गेली पाहिजे. पालखी हलली की उरलेली कार्डं मोहोरबंद पाकिटातून, पोच घेऊन, पंढरपूरला ६५ एकर या वारकऱ्यांच्या तळावरच्या टेबलावर. आणि तिथल्या माणसांनाही तोच कागद द्या, पुरावा नसलेल्याची ओळख कशी पटवायची तो. नाहीतर कार्ड पंढरपूरपर्यंत पोचेल आणि तिथे पुन्हा पुरावा मागतील.

एकादशीनंतर उरलेली आधार आणि लायसन्स छापील पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाच्या खर्चाची मंजुरी आत्ताच घ्या, नंतर मिळत नाही. मतदार कार्डं त्या त्या तहसीलच्या निवडणूक शाखेत. पॅन मुदत ठरवून सांभाळा. परत आलेली टपाल वेगळ्या पानावर. आधारची हेल्पलाइन १९४७ फलकावर मोठ्या अक्षरात.

नियमावली छपाईला देण्याआधी "पुरावा" हा शब्द कुठे कुठे आलाय ते शोधा. जिथे येईल तिथे खाली लिहा: नसल्यास काय.