नायक मुका असला तरी रेकॉर्डिंग चुकत नाही

गेमचा नायक बोलणार की नाही, हे स्क्रिप्टचं पहिलं पान लिहायच्या आधी ठरवा. मध्येच मत बदललं तर नायकाचेच नव्हे, त्याच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाचे संवाद पुन्हा लिहावे लागतात. 'डेड स्पेस' या गेमचा नायक आयझॅक २००८ च्या पहिल्या भागात नुसता धापा टाकतो नि किंचाळतो; २०११ च्या दुसऱ्या भागात तो बोलायला लागतो. 'फॉलआउट ४'मध्ये (२०१५) नायकाला पुरुष आणि स्त्री असे दोन आवाज मिळाले, पण उत्तराचे पर्याय एका वेळी चारच राहिले. नाव, रूप, स्वभाव खेळाडू ठरवणार असेल तर नायक मुका ठेवा. त्याचा भूतकाळ तुम्हीच लिहिलेला असेल तर त्याला बोलू द्या.

मुक्या नायकापुढे सगळ्यात जास्त घोळ प्रश्न घालतात. "पूल कोणी तोडला?" असं विचारून पात्र दोन सेकंद थांबलं, की नायक मठ्ठ वाटतो. त्याऐवजी: "पूल तोडलास तर! हातोडा अजून हातातच आहे, म्हणजे विचारायलाच नको." उत्तर नायकाच्या कृतीतून समोरच्याने काढायचं, आणि मध्ये थांबायचं नाही.

नायक की नायिका हे खेळाडू निवडणार असेल, तर मराठीत आणखी एक पेच येतो. "तू थकलास" आणि "तू थकलीस" ही दोन रेकॉर्डिंगं झाली, आणि अशी वाक्यं शेकड्यांनी निघतात. बरीचशी लिहितानाच टाळता येतात. "तुला थकवा आलाय." "तू किल्ली आणलीस." (इथे क्रियापद किल्लीप्रमाणे चालतं.) "कुठे जातोस?"ऐवजी "कुठे जायचंय?" भविष्यकाळातलं "येशील" दोघांनाही चालतं. वडीलधारं किंवा हुद्द्याचं पात्र असेल तर "तुम्ही आलात" म्हणा, प्रश्नच मिटला. मात्र जिवलग मित्राच्या तोंडी "तुम्ही" घालू नका; तिथे दोन रेकॉर्डिंगं परवडली.

खेळाडू टाइप करेल ते प्रत्येक नाव आधी रेकॉर्ड करून ठेवता येत नाही, म्हणून हुद्दा, आडनाव किंवा टोपणनाव पक्कं करा. 'मास इफेक्ट'मध्ये पहिलं नाव काहीही ठेवा, लोक "शेपर्ड"च म्हणतात.

आता मुक्या नायकाचे आवाज. छोट्या गेमला एवढे पुरतात: उडीचे ६, किरकोळ माराचे ८, जबर माराचे ५, मरणाचे ४, वजन उचलण्याचे ३ आणि धाप लागल्याचे १० सेकंदांचे दोन तुकडे. धापेचा तुकडा श्वास घेताना सुरू होऊन श्वास सोडून झाल्यावर संपला पाहिजे, नाहीतर तो लूपमध्ये, म्हणजे सलग पुन्हापुन्हा, वाजवल्यावर उचकी लागल्यासारखं ऐकू येतं.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह फाइलमध्ये करा. संवादासाठी माइक तोंडापासून १५-२० सेंटीमीटरवर ठेवा, पुढे पॉप फिल्टर (प, फ म्हणताना येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी) लावा, आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. किंकाळीला माइक ४०-५० सेंटीमीटरवर न्या आणि गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) आधीच उतरवा. फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. किंकाळ्या सत्राच्या शेवटी घ्या. आधी घेतल्या तर घसा बसतो आणि पुढचे संवाद वेगळ्याच माणसाचे वाटतात. माइकचं अंतर नि गेनचा आकडा लिहून ठेवा, कारण चार ओळी पुन्हा घ्याव्या लागतातच, आणि तेव्हा आवाज जुळला नाही तर तो जोड लगेच कानाला खटकतो.

प्रत्येक ओळीची वेगळी फाइल करा. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. अभिनेत्याच्या तक्त्यात ओळीशेजारी पात्र कुठे आहे, समोरचा किती लांब आहे नि मागे कसला गोंगाट आहे, हेही लिहा. दहा फुटांवरून मारलेली हाक कुजबुजीत रेकॉर्ड झाली तर गेममध्ये नुसता आवाज वाढवून ती हाक होत नाही.

गेममध्ये फाइल यादृच्छिक निवडा, पण नुकत्याच वाजलेल्या दोन वगळून. उडीला दर वेळी हुंकार नको, तीनांतून एकदा पुरे. दुसरं पात्र बोलत असेल तर किरकोळ माराचा आवाज दाबा. मग संगीत बंद करून वीस मिनिटं खेळा. "हा मघाचाच" असं ज्या आवाजाबद्दल वाटेल, त्याचे आणखी नमुने घ्या.