पेपर फुटतो तसा कोडही फुटतो: गेट आणि शटरच्या कीपॅडबाबत या चुका टाळा

वीसेक वर्षं झाली, मी बडोद्यात गेटच्या आणि शटरच्या मोटरी बसवतोय. आधी नुसता रिमोट असायचा. आता प्रत्येकाला पिलरवर कीपॅड हवा असतो, कारण शेजाऱ्याकडे आहे. हरकत नाही, माझं पोट त्यावरच चालतं. पण नंतर फोन येतो तो एकाच सुरात: “भाई, तुमचा कीपॅड खराब निघाला.” (इथे मराठी माणूसही मराठी माणसाला भाईच म्हणतो, त्याला इलाज नाही.) स्कूटर काढून वाघोडिया रोडपर्यंत जावं, तर कीपॅड ठणठणीत असतो. त्याच त्या चुका सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. यापुढे फोन आला की आधी हे पाठवणार.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लाडकी चूक म्हणजे एकच कोड, सगळ्यांना, कायमचा.

मांजलपूरच्या एका काकांचा फोन आला. त्यांच्या पार्किंगचं शटर म्हणे पहाटे पाच-सव्वापाचला आपोआप उघडतं आणि दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काका खालच्या खोलीत झोपायला लागले होते, त्यामुळे मोटरीचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या एका मेकॅनिकने येऊन बोर्ड बदलला, पैसे घेतले. शटर तरी उघडतंच. काकूंनी तर राहून गेलेली वास्तुशांतसुद्धा उरकून घेतली.

मी गेलो, मोटरीला हातही लावला नाही, आधी कीपॅड बघितला. चार बटणं चकचकीत, आकडे पुसट झालेले: एक, चार, सात आणि नऊ. बाकीच्या बटणांवर सहा वर्षांची धूळ. आता चार आकड्यांचे कोड एकूण १०,००० होतात. पण कुठले चार आकडे ते बटणांनीच सांगितलं, तर त्यांच्या मांडण्या उरतात फक्त २४. चहा उकळेपर्यंत कोणीही लावून बघेल. मला तेवढंही लागलं नाही. १९४७ दाबलं, शटर वर. काका माझ्याकडे असे बघायला लागले, की पहाटे मीच येतो.

विचारलं, “कोड कोणाकोणाला माहीत आहे?”

“फक्त घरच्यांना.”

मग काकू बोटं मोजायला लागल्या. घरातले चार. पुण्याचा जावई. काम सोडून गेलेला ड्रायव्हर. रंगारी, पण त्याला पंधराच दिवसांसाठी दिला होता. नवरात्रात भाचा आणि त्याचे मित्र गरब्याला जाताना बाइक आत लावायचे, ते. आणि गाडी पुसणारा पोरगा, पण तो तर दोन वर्षांपूर्वीच गावी गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकांना अंधारात झोपाळ्यावर बसायला सांगितलं. पाच वाजून दहा मिनिटांनी एक पोरगा सायकलवरून आला, पुढे-मागे दोन बादल्या. त्याने कोड दाबला, आतल्या नळावर बादल्या भरल्या, शटर खाली केलं आणि समोरच्या चार बंगल्यांच्या गाड्या पुसायला निघून गेला. पहिल्या पोराने काम दुसऱ्याला दिलं होतं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि कामाबरोबर कोडही वारसाहक्काने आला होता. “पाणी इथूनच भरायचं,” असं त्याला सांगितलेलं. काकांची गाडी तेवढी तो पुसत नव्हता, कारण तिचे पैसे दोन वर्षांपूर्वीच बंद झाले होते.

त्यात चोरी नव्हती आणि पोरगा सरळ होता. नशीब. पण तोच कोड त्या ड्रायव्हरकडे, त्या रंगाऱ्याकडे आणि भाच्याच्या सगळ्या मित्रांकडे होता, हे विसरू नका. किल्ली दिली तर परत मागता येते. कोड परत कसा मागणार? तो माणसाच्या डोक्यात राहतो, आणि तिथून पुढे कुठे जातो ते त्यालाही ठाऊक नसतं. कोड बदलणं हाच एक उपाय, आणि तो दोन मिनिटांचा आहे.

माझी स्वतःची सवय सांगतो. खंडेनवमीला मी हत्यारांची पूजा करतो, पाना, ड्रिल, मल्टिमीटर सगळं पाटावर मांडतो, आणि त्याच दिवशी घरचा कोड बदलतो. मुहूर्तही अचूक आहे, कारण नवरात्राच्या नऊ रात्रींत कोड जितका फुटतो तितका वर्षभरात फुटत नाही. अर्धं बडोदं रात्री गरब्याच्या मैदानावर असतं, घरं रिकामी, आणि कोड कुठल्या तरी भाचरांच्या ग्रुपवर. शिवाय कोणी काम सोडून गेलं की त्याच संध्याकाळी पुन्हा बदलतो, मुहूर्त न बघता.

नवा कोड कुठून आणायचा? वाढदिवस नको. दिवस आणि महिना मिळून वर्षात ३६६ च तारखा होतात, आणि तुमची लग्नाची तारीख हॉलमधल्या फोटोखाली लिहिलेली असते. गाडीचा नंबर नको, ती गाडी तिथेच उभी असते. बंगल्याचा नंबर दोनदा लिहून चार आकडे करणारे महाभाग पाहिलेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मी दहाची नोट घेतो. तिच्यावर सहा आकडी नंबर असतो. तो पाठ करतो, आणि नोट सेवउसळीच्या गाडीवर देऊन टाकतो. सहा आकडे म्हणजे दहा लाख शक्यता, आणि त्यांचा माझ्या घराशी काडीचाही संबंध नाही. तीन दिवसांत बोटांना सवय होते. “लक्षात राहत नाही हो” म्हणणाऱ्यांना तीस वर्षांपूर्वीचे फोन नंबर अजून पाठ असतात.

बहुतेक कीपॅडमध्ये माणसागणिक वेगळा कोड ठेवता येतो. मग ठेवा ना! कामवाल्या ताईंचा वेगळा, ड्रायव्हरचा वेगळा. एक गेला की एकच पुसायचा, घरभर नवा कोड पाठ करायला नको. आणि बटणं महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने सगळी पुसा, फक्त वापरातली नव्हे.

कारखान्यातून आलेला मास्टर कोड तसाच ठेवणं हा याच चुकीचा थोरला भाऊ. तो पुस्तिकेत छापलेला असतो आणि पुस्तिका इंटरनेटवर सापडते. त्या कोडने आत शिरणारा माणूस तुमचे सगळे कोड पुसून स्वतःचा टाकू शकतो. बसवणारा गेल्यावर बदला. माझ्यादेखतही नको. मी स्वतःच पाठ फिरवून रस्त्यावरच्या म्हशी मोजत उभा राहतो.

आता रिमोटबद्दल, थोडक्यात. तुमच्या रिमोटची नक्कल चावीवाला दोन मिनिटांत करून देत असेल, तर खूश होऊ नका. याचा अर्थ तो रिमोट दर वेळी तोच कोड हवेत सोडतो. जुन्या रिमोटच्या पोटात बारीक बारा खटके असायचे, म्हणजे सगळे मिळून ४०९६ कोड. २०१५ साली सॅमी कामकार नावाच्या अमेरिकन माणसाने मुलांच्या निरोप पाठवायच्या एका खेळण्यात फेरफार करून असे सगळे कोड १० सेकंदांच्या आत सोडून दाखवले. दर दाबाला कोड बदलणारा, म्हणजे रोलिंग कोडचा रिमोट थोडा महाग पडतो. तो घ्या. त्यातही एक गंमत आहे. नातू गावाला जाताना रिमोट खिशात घेऊन गेला आणि दिवसभर टकटक करत बसला, तर रिमोटची मोजणी पुढे जाते आणि गेट त्याला ओळखत नाही. गेटजवळ उभं राहून लागोपाठ दोनदा दाबा, बहुतेक वेळा जुळतं. मोटरीच्या बोर्डावरचं, नव्या रिमोटची ओळख करून द्यायचं ‘शिकवायचं’ बटण मात्र उगाच दाबून धरू नका, बऱ्याच मोटरींत त्याने घरातले सगळेच रिमोट पुसले जातात. मग मला बोलावता.

दुसरी मोठी चूक मला माझ्याच कामात दिसली, त्यामुळे ती जास्त लागली.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीने ३५ फूट ओलांडले. धोक्याची खूण २६ फुटांवर आहे. समा भागातल्या एका ताईंचा सकाळी फोन आला. लाइट गेलेली, कंपाउंडमध्ये घोट्याएवढं पाणी, गाडी उंचावर न्यायची आहे आणि सरकतं गेट जागचं हलत नाही. मी म्हटलं, “मोटरीच्या बाजूला छोटं झाकण आहे, त्याला किल्ली लावून फिरवा, मग गेट हाताने ढकलता येईल.”

“कुठली किल्ली?”

ती किल्ली मीच दिली होती. मोटरीच्या खोक्यात, बिलासकट. खोकं माळ्यावर, आणि माळ्यावर दिवाळीच्या माळा, जुना कूलर, कोणाचा तरी पाळणा. किल्ली मिळेपर्यंत झाकण गढूळ पाण्याखाली गेलं होतं. चाचपडून किल्ली लावायचा प्रयत्न केला, जमेना. माणसं भिंतीवरून शेजाऱ्यांकडे गेली, गाडी आतच राहिली. पाणी ओसरल्यावर गेलो तर मोटरीच्या बोर्डावर चिखलाचा थर होता, आणि ताई एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून गेट बसवलं की दोन किल्ल्या वेगळ्या करतो. एक मीटरपेटीजवळच्या खिळ्याला, लाल दोऱ्यात. दुसरी घराबाहेर, विश्वासातल्या शेजाऱ्याकडे. मग मेन स्विच बंद करतो आणि घरातल्या प्रत्येकाला, आजींनाही, गेट हाताने उघडायला लावतो. लोक वैतागतात. “लाइट गेली की बघू,” म्हणतात. लाइट गेल्यावर काय बघणार? आणि मोटर जमिनीलगत नको. सखल भाग असेल तर फूट-दीड फूट उंच ओटा बांधून त्यावर बसवायची. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, नाही म्हणू नका.

एक इशारा मात्र गंभीरपणे. वर जाणाऱ्या दरवाजाची स्प्रिंग तुटली असेल तर दरवाजा उघडा असताना तो मोटरीपासून सोडवायची दोरी ओढू नका. सगळं वजन त्या स्प्रिंगवर असतं, दरवाजा धाडकन खाली येतो.

सेलचं सांगायलाच नको, तरी सांगतो. दारावरच्या डिजिटल कुलपात चांगले अल्कलाइन सेल घाला, चारही एकदम बदला. रिचार्जचे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, कुलूप पहिल्या दिवसापासून “सेल संपले” म्हणून ओरडतं. घड्याळातले काढलेले सेल त्यात घालणाऱ्या माणसाला मी ओळखतो, तो माझा मेव्हणा आहे. अशा कुलपाची साधी किल्ली घराच्या आत शोकेसमध्ये ठेवणाराही तोच.

बोटाच्या ठशावर एकट्यावर विसंबू नका. उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी बोटांना मांज्याने पडलेल्या चिरा आणि त्यांवर पट्ट्या असतात, आणि अर्धी सोसायटी दाराबाहेर उभी असते. म्हाताऱ्या माणसांचे ठसे झिजलेले असतात. कोड पाठ हवाच.

गेटच्या दोन्ही खांबांवर गुडघ्याखाली बसवलेले सेन्सर म्हणजे शोभा नव्हे. एक डोळा किरण पाठवतो, दुसरा घेतो. मधे मूल किंवा कुत्रं आलं तर धडकण्याआधी गेट थांबवते ती हीच जोडी. “संध्याकाळी गेट बंदच होत नाही, सेन्सर काढून टाका,” अशी फर्माईश येते. अमेरिकेत १९९३ पासून गॅरेजच्या स्वयंचलित दरवाजांना असं संरक्षण कायद्याने सक्तीचं आहे, इथे ते तारेच्या तुकड्याने बायपास करून देणारे मिळतात. मी देत नाही, दुसऱ्याकडे जा. बहुतेक वेळा मावळतीचं ऊन सरळ घेणाऱ्या डोळ्यात जात असतं किंवा कोळ्याने जाळं विणलेलं असतं. जाळं पुसा. ऊन असेल तर पाठवणारा आणि घेणारा डोळा यांची अदलाबदल करा, काम होतं.

राहता राहिली घाई. पाचएक वेळा चुकीचा कोड पडला की कीपॅड काही मिनिटं मुका होतो. तो बिघडलेला नसतो, त्याला तसंच वागायला सांगितलेलं असतं. पण माणसं काय करतात, तर आणखी जोरात दाबतात. काही कीपॅडमध्ये तर दर दाबाला ती मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला असाच एक फोन. लग्नाहून आलेलं कुटुंब गेटबाहेर, मुलं पेंगुळलेली, साहेब तापलेले. “आत्ताच्या आत्ता या.” मी म्हटलं, “येतो, पण आधी कीपॅडवरचा हात काढा आणि सांगा, लग्न कुठे होतं?” दांडिया बाजारात होतं. जेवायला काय होतं? बासुंदी होती, श्रीखंडही होतं, पण मठ्ठा पातळ. मुलीकडचे कुठले? ग्वाल्हेरचे. मी इकडे खाटेवर पडून घड्याळ बघत होतो. सहा मिनिटं झाल्यावर म्हटलं, “आता सावकाश दाबा.”

मोटरीचा घरघर आवाज फोनवरूनच ऐकू आला. “अहो, उघडलं! तुम्ही काय केलंत?”

“काही नाही. मठ्ठ्याचं वाईट वाटलं,” म्हटलं आणि झोपलो.