घरी फोटो छापताय? शाईआधी कागद बघा

फोटो इंकने, म्हणजे फोटोसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या शाईने फरक पडतो का? पडतो, पण सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये. त्यात नेहमीच्या चार शायांसोबत बऱ्याचदा फिकट सायन (निळसर) आणि फिकट मॅजेंटा (गुलाबीसर) असतात, म्हणून गालावर किंवा आकाशात शाईचे बारीक ठिपके सहसा दिसत नाहीत. आता चार रंगांच्या प्रिंटरमध्ये बाटलीवर 'फोटो' लिहिलेली शाई ओतली म्हणून तो काही सहा रंगांचा होत नाही, उलट भलतीच शाई घातली तर प्रिंटरचं हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, चोक व्हायचं आणि खर्च तुमच्याच डोक्यावर.

खरा खेळ कागदाचा आहे. झेरॉक्सच्या कागदात शाई मुरते, पसरते, फोटो मळकट दिसतो. ठाण्यात असाल तर गोखले रोडला एखाद्या स्टेशनरीवाल्याकडे २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा ग्लॉसी फोटो पेपर मागा आणि प्रिंट देताना पेपर टाइपही ग्लॉसीच निवडा, हे बरेच जण विसरतात आणि मग शाईला शिव्या घालतात. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो सहसा दाबून लहान केलेला असतो, तो डॉक्युमेंट म्हणून परत मागवा, ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल तरी हवेत. आणि पावसाळ्यात इकडची दमट हवा माहितीये ना, प्रिंट लगेच अल्बममध्ये कोंबू नका, रात्रभर सुट्या सुकू द्या.